सिडनीक्षेत्राचे माहात्म्य

सिडनी शहरात पाहण्यासारखे काय आहे आणि तिथे गेल्यावर माणसाने काय काय करावे, हे अमरावतीच्या एका अर्जनवीसाला विचारायची गोष्ट नव्हे, हे मला मान्य आहे. पण मला ते विचारले गेले, आणि मी ते सांगितले. चूक असेल तर एवढीच.

विचारणारे होते वलगावचे भगवंतराव पाटील. दिवस कापसाच्या तेजीचे. तिकडे अमेरिकेत भावाभावांची लढाई जुंपलेली, आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या बोंडांकडे विलायतेच्या गिरण्या डोळे लावून बसलेल्या. ज्यांच्या बैलांना कधी धड झूल नव्हती, त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे आली. कोणी काशी केली, कोणी रामेश्वर. भगवंतरावांचे शेजारी महादेवराव तर मुंबईला जाऊन आगबोट पाहून आले, आणि तेव्हापासून त्यांच्या घरी कोणी पाणी मागितले तर आधी आगबोटीची हकीकत ऐकावी लागे, मग तांब्या पुढे येई.

भगवंतराव माझ्या ओसरीवर येऊन टेकले ते याच दुखण्याने.

"पंत, त्या महादेवरावानं आगबोट पाहिली. मले आगबोटीत बसा लागते."

"बसा की."

"बसून जावं कुठी? विलायतेले राजे-रजवाडे जातेत, ते काई नवं नाई. थो नत्थुजी मोतद्दार शिडनीले जाऊन आला म्हणते. तिथी पाहाण्यासारखं काय हाय, करण्यासारखं काय हाय, किती दिवस राहा लागते, समदं त्याले इचारा अन् चांगल्या अक्षरात लिहून द्या. मारोतीच्या पारावर वाचू. महादेवराव पुढंच बसला पाह्यजे."

नत्थुजी म्हणजे अचलपूरच्या छावणीत घोड्यांची निगा राखणारा माणूस. त्याचा साहेब फौजेसाठी घोडे खरीदायला सिडनीला गेला होता, तेव्हा हाही बरोबर गेला आणि तीन महिने राहून आला. आता तो अमरावतीत राहत होता आणि त्याला कोणी काही विचारत नव्हते. मी विचारले, तर बिचारा खाटेवरून उठून उभाच राहिला.

"शहर कसं आहे, नत्थुजी?"

"घोडे उमदे हायेत, पंत."

"घोडे राहू देत. पाहण्यासारखं काय?"

"समुंदर हाये. सीधा नाई, हाताच्या बोटावानी गावात घुसते. मोठमोठे जहाज घराच्या खिडकीतून दिसतेत. पहाडीवर पांढरा मिनार, त्याच्यावर रातभर दिवा. पाण्याकाठी सरकारी बगीचा. इतवारी समदे लोक तिथी नुसते फिरतेत."

"नुसते?"

"नुसते! काम नाई, धंदा नाई. मंग एक नाव हाये, ते पल्याडच्या रेतीवर नेते. तिथी जाऊन लोक लाटा पाहातेत अन् वापस येतेत. आंगोळीसाठी बायांचा घाट अलग, माणसायचा अलग, अन् पाण्यात लाकडाचं कुंपण."

"कुंपण कशाला?"

"मोठा मासा येते. माणूस खाते."

"आणखी?"

"एक जनावर हाये, दोन पायावर उड्या मारते अन् लेकरू पोटाच्या थैलीत ठेवते. हंस काळे. रस्त्यात लोखंडी रूळ, त्याच्यावरून घोडे बग्गी वढतेत. काठावर बसून लोक शिंपले फोडून कच्चेच खातेत. अन् गर्मी कवा, तं पौष महिन्यात."

मी हे सगळे टिपून घेतले आणि घरी येऊन बसलो. इथे मला थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. पोटासाठी मी अर्ज लिहितो, पण जगतो कीर्तनासाठी. अंबादेवीच्या देवळात गोवर्धनबुवांच्या कीर्तनात त्यांच्या मागे झांज धरून उभे राहायचे आणि बुवांनी पद सोडले की ते उचलायचे, हे काम गेली एकवीस वर्षे माझ्याकडे आहे. बुवा पूर्वरंगात अभंगाचा एक एक शब्द सोडवीत जातात, मग उत्तररंगात आख्यान लावतात, आणि मधेच डोळे मिटून माझ्याकडे हात करतात. त्या हाताची वाट पाहण्यात माझा आठवडा जातो. माणसाची पारख मी तो कीर्तनात कसा बसतो त्यावरून करतो. मांडी बदलणारा चालतो, आरतीआधीच उठणारा चालत नाही.

तर अशा माणसाला एखाद्या गावी काय पाहावे नि काय करावे हे लिहायला सांगितले, तर तो कसे लिहील? मला एकच रीत ठाऊक. क्षेत्राचे माहात्म्य लिहायचे. आधी स्थान सांगायचे, मग तीर्थ, मग वन, मग नौका, मग तिथला विधी. मी बोरू घेतला आणि ओव्या झरझर उतरू लागल्या.

"दक्षिणसमुद्राचे तीरीं । सिडनी नामें थोर नगरी ।
दीपमाळ पर्वतशिरीं । अखंड तेवे ॥"

मिनाराची अशी दीपमाळ झाली. सरकारी बगीच्याचे उपवन झाले, आणि तिथे रविवारी नुसते हिंडण्याला मी 'मौनप्रदक्षिणा' म्हटले. पलीकडच्या रेतीवर नावेने जाणे ही धाकटी यात्रा झाली. थैलीतले लेकरू आईच्या मायेचा दृष्टांत म्हणून आले. शिंपले मी गाळले. मुक्काम तीन रात्रींचा ठेवला, कारण त्रिरात्र म्हटले की बरे वाटते.

आणि शेवटी आली फलश्रुती. फलश्रुतीवाचून माहात्म्य म्हणजे मिठावाचून वरण. हात आपोआप चालला.

"तेथें जो करी सागरस्नान । सात पिढ्यांचें होय उद्धरण ।
चुके तयाचें जन्ममरण । निःसंशय ॥"

'निःसंशय' लिहून मी बोरू ठेवला तेव्हा मला फार प्रसन्न वाटत होते, हे मी लपवीत नाही.

वलगावच्या पारावर वाचन झाले. मी वाचले म्हणणे खोटे होईल, मी ते गायलो. महादेवराव पुढेच बसले होते आणि तिसऱ्या ओवीपासून त्यांचा चेहरा उतरत गेला. भगवंतराव मिशीवरून हात फिरवीत होते. इतका सुखाचा प्रसंग माझ्या वाट्याला पूर्वी आला नव्हता. फलश्रुती झाली, 'बोला पुंडलीकवरदा' झाले, आणि बायांच्या घोळक्यातून भगवंतरावांची आई मैनाबाई उठली.

साठीची बाई. पांढरे लुगडे, सुरकुतलेले हात. ती मारोतीपुढे गेली, तांब्यातले पाणी हातावर घेतले आणि सगळ्या गावासमोर खणखणीत बोलली, "माह्या घरधन्याले जित्तेपणी एक तीर्थ घडलं नाई. मी शिडनीले जाईन, समुद्रात आंगोळ करीन, त्याच्या सात पिढ्या तारीन. देवा, ध्यान ठेव." आणि पाणी सोडले. मग माझ्याकडे वळली. "पंत, तुमी बी संगं या. तिथी म्हातम सांगाले माणूस लागते नं."

गाव माझ्या पाया पडले. पाया पडणाऱ्या माणसांना 'अहो थांबा, ती शेवटची ओवी मला सवयीने सुचली' असे सांगण्याची सोय कोणत्याही शास्त्रात नाही.

घरी आलो. बायको गोदावरी तांदूळ निवडत होती. तिने सगळे ऐकले, सुपातला खडा उचलला आणि म्हणाली, "जा खुशाल. समुद्र ओलांडून आलात की ताट ओसरीवर मांडीन. आत यायचं नाही."

शेजारचे उत्तमराव कापसाची अडत करतात आणि सल्ला फुकट देतात. ते लगेच आलेच. "पंत, दक्षिण ही यमाची दिशा. आपण दक्षिणेकडे पाय करून झोपत नाही. तुम्ही तर अख्खेच निघालात!" दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी शोध लावला. "तिथं म्हणे दिवस आपल्याआधी उगवतो. म्हणजे आपली दशमीची रात्र असते तेव्हा तिथं एकादशी लागलेली. तुम्ही उपास कुठला धरणार? इथला धरलात तर तिथं मोडतो, तिथला धरलात तर इथं." मी म्हटले, दोन्ही धरीन. तर म्हणाले, "मग परत येईपर्यंत तुम्ही उरणार किती?"

हे सगळे मी सोसले. पण शुक्रवारी कीर्तन संपल्यावर गोवर्धनबुवांनी मला बाजूला घेतले. बुवांचा आवाज एरवी देवळाच्या शिखरापर्यंत जातो. त्या दिवशी तो त्यांच्या उपरण्याबाहेर आला नाही.

"नारायणा, ऐकतो ते खरं का?"

"बुवा, म्हातारीनं संकल्प सोडलाय."

"समुद्र ओलांडलास तर देवीपुढे झांज धरता यायची नाही. मी नाही म्हणत रे. पण मंडळी बसू देणार नाहीत, आणि मला त्यांचं ऐकावं लागेल." त्यांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला. "तुझ्याजागी दुसरा उभा केला तर मी हात कोणाकडे करू?"

मी घरापर्यंत कसा आलो मला आठवत नाही. दोनच वाटा होत्या. आगबोटीत बसायचे आणि झांज सोडायची. नाहीतर त्या म्हातारीपुढे उभे राहून सांगायचे की सात पिढ्यांचा उद्धार मी वरणातल्या मिठासारखा घातला होता.

तेव्हा मी तिसरी वाट काढली, सरकारी. सिडनीला जायला परवानगी लागते की नाही, हे अमरावतीत कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणूनच मी ती लागते असे भगवंतरावांना सांगितले. आणि अर्ज मीच लिहिला. माझ्या अर्जांना अपेश क्वचितच येई, पण अर्ज फेटाळला जावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होतो. अक्षर मुद्दाम किडमिडे काढले, मायना चुकवला, प्रयोजनाच्या जागी 'पितरांचा उद्धार व दीपमाळ पाहणे' असे लिहिले. तो अर्ज पाहून माझे मलाच रडू आले.

कचेरीतल्या कारकुनाने तो उलटासुलटा केला. "सिडनी कोणत्या परगण्यात येते?"

"परगण्यात नाही. समुद्राकाठी आहे."

"मग हे आमच्याकडे नाही. अकोल्याला न्या."

"अकोल्याला समुद्र आहे?"

"समुद्र पश्चिमेला. पश्चिमेकडचं सगळं अकोल्याकडे." आणि त्याने पुढच्याला हाक मारली.

माझा जीव भांड्यात पडला. आता अकोल्यात नकार मिळाला की मी मोकळा. पण भगवंतराव म्हणाले, "अकोल्याले जातोच हाओत, तं सामान घेऊनच जाऊ. परवानगी भेटली का तसंच रेलीकडं निघू. त्याआंधी वाकडी वाट करून सुभद्रेले बी भेटू." सुभद्रा म्हणजे त्यांची बहीण, अकोल्याहून अकोटला जाताना वाटेवरच्या एका गावी दिलेली.

निघालो. बैल जुंपलेल्या तीन दमण्या, मैनाबाई, भगवंतराव, वाटाड्या म्हणून नत्थुजी, आणि मी. निघताना गोदावरीने माझ्या हातात दशम्यांचे गाठोडे दिले आणि तोंड फिरवले. ओसरीची भाषा करणारीचे डोळे ओले होते.

अकोल्याच्या साहेबासमोर मी माझा अर्ज ठेवला आणि मनात देवीचा धावा केला. साहेबाने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग तो इतका हसला की पंखा ओढणारा माणूस पंखा ओढायचा थांबला. "सिडनी! तिथं माझे मामा राहतात!" त्याने तिथल्या तिथे सही ठोकली, वर मामाला एक चिठ्ठी दिली, आणि बजावले की बगीचा चुकवू नका, दीपगृह चुकवू नका, आणि नावेने पलीकडे तर जाच. हे सगळे माझ्या माहात्म्यात आहे, असे मी क्षीण आवाजात म्हटले. माझ्या उत्तमोत्तम अर्जांना कचेरीत महिनेन् महिने लागले आहेत. या एकालाच एक घटका पुरली.

बाहेर आलो तर भगवंतराव नत्थुजीला विचारत होते, "आगबोट हालते म्हंते, किती हालते?"

"वारा असन तं जरा जास्त."

"जरा म्हंजे? दमणीवानी?"

"दमणी कुठी, पाटील! पोटातलं समदं तोंडात येते. मी तं सात रोज उभाच नाई झालो. एक बंडल्या नावाचा घोडा होता, थो तं मेलाच."

भगवंतराव त्या दिवशी जेवले नाहीत. एकादशी आहे म्हणाले. नवमी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोटच्या वाटेने निघालो आणि दुपारच्या आत सुभद्रेच्या गावी पोचलो. ती दारात उभी होती, कडेवर पाच महिन्यांचा मुलगा. लग्नाला बारा वर्षे झाली, आणि आता कुठे कूस उजवली होती. आमच्याकडे लेकीला मूल होईतो आईने तिच्या घरचे पाणीही घ्यायचे नाही अशी रीत आहे. मैनाबाई बारा वर्षांत तीन-चारदा आली असेल, ती गाडीत वलगावच्या पाण्याची कळशी घालून आणि उन्हे कलायच्या आत परत जायच्या बोलीने. या खेपेला कळशी नव्हती. नातवाला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "सुभद्रे, आज तुह्या घरचं पाणी पाज मले."

सुभद्रा घुटमळली. "माय, आधी आंगोळ कर. मंग देतो."

"पाणी दे म्हणतो नं मी!"

तिने तांब्या दिला. मैनाबाईने वरून धार धरली, एक घोट घेतला आणि थांबली. तोंड वाकडे झाले. तिने तो घोट गिळला नाही, थुंकलाही नाही. तशीच लेकीकडे पाहत राहिली. मग गिळला.

"हे काय हाय?"

"आमच्या गावचं पाणी. ह्या अख्ख्या पट्ट्यातच असं हाय, माय. खारं."

"बारा वर्सं तू हे पिऊन राहिली?"

"समदेच पितेत."

"अन् सांगतलं काहून नाई?"

"सासरचं पाणी माहेरी काय सांगा?" सुभद्रा हसत म्हणाली, पण तिला ते नीट जमले नाही.

मैनाबाई उठली. नातू माझ्या हातात दिला, तो माझ्या हातात देण्याची वेळ नव्हती हे त्याने लगेच दाखवून दिले. ती सरळ विहिरीवर गेली. आम्ही सगळे मागे. तिने पोहरा ओढला, तळहातावर पाणी घेतले.

"नत्थुजी, शिडनीचा समुद्र असाच असते का रे?"

नत्थुजीने चाखले, विचार केला. "चव हेच. समुंदर जास्त खारा हाये, माय. पण जात एकच."

मग ती माझ्याकडे वळली. माझे धोतर ओले, कडेवर रडणारे पोर, आणि ती म्हणते, "पंत, खरं सांगजा. इथी आंगोळ केली तं चालते का?"

'चालते' एवढा एक शब्द म्हटला की झाले असते. माझी झांज, माझे घर, माझे पान आत. पण त्या बाईच्या तोंडात अजून लेकीच्या बारा वर्षांची चव होती, आणि तिच्यापुढे मला आणखी एक ओवी सवयीने म्हणता येईना.

"मैनाबाई," मी म्हणालो, "ती सात पिढ्यांची ओवी कुठल्या पोथीतली नाही. ती मीच घातली. माहात्म्य म्हटलं की शेवटी काहीतरी द्यायचं असतं, म्हणून. तिथं काय मिळतं ते मला ठाऊक नाही."

मी शिव्या ऐकायच्या तयारीने उभा राहिलो.

"मले ठाऊक हाय," मैनाबाई म्हणाली. "ओव्या काई आभायातून पडत नाईत. माणूसच लिहिते. तुमच्या गळ्यात होतं म्हणून मले खरं वाटलं, अन् मी पाणी सोडलं. आता ते वाया जाऊ देऊ नका. तुमीच लिहिली, तं अजून एक तुमीच जोडा."

मी पोर सुभद्रेकडे दिले. विहिरीच्या काठावर उभा राहिलो, आणि खरे सांगतो, बोरू नाही, शाई नाही, पण एकवीस वर्षांच्या कीर्तनात जे गळ्यात साचले होते ते आपसूक वर आले.

"लेकीघरचें जें खारें पाणी । माय घे जी ओंजळींतुनी ।
समुद्र येई तियेचे अंगणीं । आपण होऊनी ॥"

"निःसंशय म्हणा," मैनाबाई म्हणाली.

"निःसंशय!" मी म्हणालो, आणि या वेळी मला खरोखरच संशय नव्हता.

तिने डोक्यावर पोहरा ओतला. एक धन्याच्या नावाने, एक सासऱ्याच्या, एक सासऱ्याच्या बापाच्या. पुढची नावे तिला आठवेनात, तेव्हा 'ज्याचं त्यानं घ्यावं' म्हणून उरलेले ओतले. ओलेत्यानेच विहिरीवरून खाली आली आणि लेकाला म्हणाली, "भगवंता, आगबोटीत काई जात नाई मी. तू बी नको जाऊ. त्या पैशाचं इथी पावसाच्या पाण्याचं तळं बांध. गोडं. ह्या लेकराले खारं पाणी नाई पाजा लागन."

भगवंतरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, मिशीवर हात फिरवला. "मायनंच सांगतलं," ते शेवटी म्हणाले, "मंग काय करता! ऐका लागते." आणि सुभद्रेला म्हणाले, "जेवाले काय हाय गं? भाकरी असन तं चार आण. नाई, सहा." नवमीपासूनची भूक एका बैठकीत वसूल झाली. नत्थुजीनेही पान वाढून घेतले. समुद्र त्यालाही पुन्हा नको होता, हे त्याने पाचव्या भाकरीला कबूल केले.

साहेबाची चिठ्ठी मी परत नेऊन दिली. साहेबाला फार वाईट वाटले. मामांना पाहुणे आवडतात म्हणाला.

अमरावतीला पोचलो तो शुक्रवार. घरी न जाता तसाच अंबादेवीच्या देवळात गेलो. कीर्तन रंगात आले होते. बुवांच्या मागे झांज घेऊन कोणी नवखा उभा होता, आणि तो अर्ध्या मात्रेने मागे पडत होता. बुवांनी मला दारात पाहिले. पद थांबवले नाही, नुसती भुवई उचलली. मी दोन्ही कान धरून मान हलवली, की नाही, समुद्र ओलांडला नाही. बुवांचे डोळे मिटले, आणि तो हात, ज्याची मी एकवीस वर्षे वाट पाहत आलो, सगळ्या मंडळींच्या डोक्यांवरून दाराकडे वळला. पद मी दारातूनच उचलले. झांज हातोहात माझ्यापर्यंत आली.

कीर्तन झाल्यावर मंडळींनी घेरले. उत्तमराव पुढे. "पंत, खरं सांगा, कुठवर गेला होतात?"

आयुष्यात इतक्या अभिमानाने मी कधी उत्तर दिले नव्हते.

"अकोटच्या चार कोस अलीकडे," मी म्हणालो, "आणि तिथूनच परत."